डायलिसिस कक्षातील कावीळ : आरोग्याच्या अर्थशास्त्राचा एक धडा

(म्हैसूर शहरातील नजरबाद येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप.)



ज्या नजरबादेत आपण आज जमलो आहोत, त्या जागेच्या इतिहासात अर्थशास्त्राचा एक छोटासा धडा दडलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड या टेकाडावर आणवले आणि येथे नवा किल्ला उभारण्यास आरंभ केला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि तेच दगड जुन्या जागी परत वाहून नेण्याचे काम सुरू झाले. १८०० साली या प्रदेशातून प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस बुकानन यांनी ते लिहून ठेवले आहे. दगड तेच, मजुरी मात्र दोनदा. सार्वजनिक खर्चाचा अभ्यास करताना मला हा प्रसंग वारंवार आठवतो. जे काम एकदाच नीट करता आले असते, ते दोनदा करावे लागले की त्याचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न आजच्या विषयाच्याही मुळाशी आहे.

आजचा विषय आहे, मूत्रपिंडाच्या विकारामुळे डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांमध्ये होणारा विषाणूजन्य कावीळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी यांचा संसर्ग. विषय वैद्यकाचा आहे आणि मी वैद्य नाही. तरीही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यावर बोलावे, असे मला वाटते. त्याचे कारण घरगुती आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, याच नजरबादेत राहतात. निवृत्त शिक्षक. काही वर्षांपूर्वी त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. हिशेबी स्वभावाप्रमाणे त्यांनी एक वही घातली. प्रत्येक खेपेचा खर्च, रिक्षाचे भाडे, इंजेक्शनांची किंमत असे सारे त्या वहीत आहे. वर्षभराच्या आतच एका नेहमीच्या तपासणीत त्यांना हिपॅटायटिस सी झाल्याचे आढळले. डायलिसिस सुरू होण्यापूर्वीचा त्यांचा अहवाल निर्दोष होता. त्या पानापासून वहीत नव्या रकान्याची भर पडली. संसर्ग असलेल्यांसाठीचे वेगळे यंत्र रात्रीच्या पाळीतच मोकळे मिळत असे. त्यामुळे दाजी मध्यरात्री घरी परतू लागले. रिक्षाचे भाडे दुप्पट झाले. घरात ताईने त्यांचे ताट-पेला वेगळा काढला. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही, हे तिला सांगणारे तोवर कोणी भेटले नव्हते. संसर्ग कोठून आला, याची चौकशी झाली नाही. त्या केंद्राचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रश्न एका केंद्राचा असता तर मी हे भाषण केले नसते.

प्रश्नाचे स्वरूप

निरोगी मूत्रपिंडे रक्त गाळण्याचे काम अहोरात्र करीत असतात. ती निकामी झाली की हेच काम यंत्राकडे सोपवावे लागते. रुग्णाच्या हातावरील रक्तवाहिनीतून रक्त बाहेर काढून ते डायलायझर नावाच्या नळकांड्यातील केसासारख्या पोकळ तंतूंमधून फिरवले जाते. तंतूंच्या बाहेरून शुद्ध पाण्यात तयार केलेले द्रावण साधारणपणे मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने वाहत असते. चार तासांच्या एका खेपेत सुमारे १२० लिटर द्रावण वापरले जाते. रक्तातील नको असलेली द्रव्ये तंतूंच्या भिंतीतून द्रावणात उतरतात आणि शुद्ध झालेले रक्त शरीरात परत जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. विषाणूंचा प्रवास मुख्यतः यंत्राच्या अंतर्भागातून होत नाही. तो होतो हातांतून. एका रुग्णाची सुई काढून, हातमोजे न बदलता दुसऱ्याच्या नळीला हात लावणे. एकाच कुपीतून अनेकांसाठी हेपॅरिन काढणे. औषधांची ट्रॉली एका खाटेजवळून दुसरीकडे फिरवणे. रक्ताचा थेंब पडलेली यंत्राची कळ न पुसता पुढच्या रुग्णाला बसवणे, हे त्याचे नेहमीचे मार्ग आहेत. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर खोलीच्या तापमानाला, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका अल्प अंश त्याला पुरतो.

मराठीत हिपॅटायटिस बीला लोक 'पांढरी कावीळ' म्हणतात. या नावात मोठे शहाणपण आहे. डोळे पिवळे होत नाहीत, लघवीचा रंग बदलत नाही, तरीही यकृतात आजार मुरत राहतो. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये ही लक्षणहीनता अधिकच आढळते. त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते आणि त्यामुळे विषाणू शरीरात कायमचा ठाण मांडण्याची शक्यता वाढते. पुढे यकृताचा सिऱ्होसिस व कर्करोग यांचा धोका असतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची वाटही अधिक बिकट होते.

जगाचा अनुभव

१९६५ मध्ये बारूच ब्लुमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'विषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. पुढे त्यातून हिपॅटायटिस बीची ओळख पटली आणि ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिन, २८ जुलै, हाच जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. हिपॅटायटिस सीच्या विषाणूची ओळख १९८९ मध्ये पटली. त्या कामासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

डायलिसिस कक्षातील संसर्गाचे गांभीर्य जगाला कळले ते मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णालयात. १९६९-७० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील डायलिसिस विभागात हिपॅटायटिसचा उद्रेक झाला. त्यात रुग्णांबरोबर कर्मचारीही मृत्युमुखी पडले. त्यानंतर ब्रिटनमध्ये नेमलेल्या रोझेनहाइम समितीने १९७२ मध्ये आपला अहवाल दिला. नियमित रक्ततपासणी, बाधित रुग्णांची वेगळी सोय आणि कक्षातील शिस्त ही त्या विचारांची सूत्रे होती.

अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने १९७७ मध्ये अशाच शिफारशी केल्या. १९७६ मध्ये तेथील डायलिसिस रुग्णांत दरवर्षी शंभरामागे तिघांना हिपॅटायटिस बीचा नवा संसर्ग होत होता. १९८० मध्ये हे प्रमाण एका टक्क्यावर आले. या काळात लस उपलब्ध नव्हती, हे विशेष. ही घट साधली ती वेगळ्या खोल्या, वेगळी यंत्रे, नियमित तपासण्या आणि स्वच्छ हात यांच्या बळावर. लस तेथे त्यानंतर, १९८० च्या दशकात आली. परीक्षेत 'कमी खर्चाचे परिणामकारक उपाय' असा प्रश्न आला, तर हे उदाहरण आपण अवश्य द्यावे.

भारतातील पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या हिपॅटायटिस अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख व्यक्ती हिपॅटायटिस बीसह, तर सुमारे ५५ लाख व्यक्ती हिपॅटायटिस सीसह जगत होत्या. जगातील एकूण भाराच्या ११.६ टक्के एवढा हा वाटा आहे. म्हणजे डायलिसिस केंद्रात येणाऱ्यांपैकी काही जण हा विषाणू नकळत बरोबर घेऊनच येणार, हे गृहीत धरावे लागते.

आता डायलिसिसच्या गरजेकडे वळू. २०१६-१७ चा केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी 'राष्ट्रीय डायलिसिस सेवा कार्यक्रम' जाहीर केला. त्या भाषणातील आकडे असे : दरवर्षी मूत्रपिंडाच्या अंतिम टप्प्यातील विकाराचे २ लाख २० हजार नवे रुग्ण, त्यामुळे ३ कोटी ४० लाख डायलिसिस खेपांची वाढीव मागणी, देशात सुमारे ४,९५० केंद्रे, तीही मुख्यतः खासगी क्षेत्रात व मोठ्या शहरांत, आणि त्यांतून गरजेच्या निम्मीच पूर्तता, प्रत्येक खेपेचा खर्च सुमारे २,००० रुपये आणि वर्षाचा खर्च ३ लाखांहून अधिक.

हे आकडे पाठ करण्यापूर्वी ते एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे. आठवड्याला तीन खेपा धरल्या तर वर्षाच्या १५६ होतात. १५६ ला २ लाख २० हजारांनी गुणले की ३ कोटी ४३ लाख येतात. १५६ ला २,००० ने गुणले की ३ लाख १२ हजार. हिशेब जुळला. पण यातूनच दुसरा प्रश्न उभा राहतो. आमचे दाजी आठवड्यातून दोनदाच जात असत. आपल्याकडे असंख्य रुग्ण खर्चापायी दोन खेपांवर भागवतात. अर्थसंकल्पातील सरासरीमागे अशी पोटाला चिमटा घेऊन केलेली काटकसर असते, ती आकड्यांत दिसत नाही.

या कार्यक्रमाची अंमलबजावणी राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत सार्वजनिक-खासगी भागीदारीने करण्याचे धोरण ठरले. जिल्हा रुग्णालयाने जागा, वीज व पाणी पुरवावे. खासगी भागीदाराने यंत्रे, तंत्रज्ञ व लागणारे साहित्य आणावे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सेवा मोफत मिळावी, अशी ही रचना आहे. पुढे २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. या प्रयत्नांमुळे डायलिसिस महानगरांबाहेर पोहोचले, हे मान्य केलेच पाहिजे.

बाजाराला न दिसणारा खर्च

आता मूळ प्रश्न. हात धुणे, मोजे बदलणे, यंत्र पुसणे या गोष्टी सर्वांना ठाऊक असूनही संसर्ग का होतो? केवळ निष्काळजीपणा म्हणून याचे उत्तर देणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. अर्थशास्त्र येथे तीन कारणे दाखवते.

पहिले कारण प्रोत्साहनाचे. केंद्राला मोबदला मिळतो तो खेपेमागे. एक यंत्र दिवसाला तीन पाळ्या आणि आठवड्याला सहा दिवस चालले, तर १८ खेपा होतात. दोन पाळ्यांच्या मध्ये यंत्र निर्जंतुक करण्यास व खाट पुसण्यास लागणाऱ्या वेळेचे कोणी पैसे देत नाही. बाहेर रुग्ण खोळंबलेले, आत तंत्रज्ञ अपुरे. अशा वेळी कात्री लागते ती याच वेळेला. ज्या कामाचे मोल करारात लिहिलेले नाही, ते काम सर्वप्रथम टाळले जाते.

दुसरे कारण बाह्य परिणामांचे. हातमोज्यांची एक जोडी वाचली तर तो लाभ केंद्राला त्याच दिवशी मिळतो. त्यातून संसर्ग झाला तर तो काही महिन्यांनी उघडकीस येतो आणि त्याचा खर्च रुग्ण, त्याचे कुटुंब व शासन यांच्या वाट्याला जातो. लाभ एकाचा आणि भार दुसऱ्याचा, अशी स्थिती असते तेथे बाजारपेठ स्वतःहून योग्य उत्तर शोधत नाही.

तिसरे कारण माहितीच्या विषमतेचे. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेच्या बाजारातील अनिश्चितता व माहितीची विषमता यांचे विवेचन केले. चार तास खाटेवर पडून असलेल्या रुग्णाला कुपी कोणाकोणासाठी वापरली, हे कसे कळावे? शिवाय तो केंद्र बदलू शकत नाही. भाजी शिळी निघाली तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. डायलिसिसच्या रुग्णाला परवाची खेप चुकवता येत नाही.

प्रतिबंध आणि उपचार

हिपॅटायटिस बीवर लस आहे. भारताच्या बाल लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात झाला आणि २०११-१२ पर्यंत ती देशभर लागू झाली. त्यापूर्वी जन्मलेल्या बहुसंख्य प्रौढांना मात्र हे कवच नाही. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये लसीचा प्रतिसाद निरोगी माणसांहून बराच कमी असतो. म्हणून त्यांना प्रौढांच्या नेहमीच्या मात्रेच्या दुप्पट मात्रा दिली जाते, नंतर रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासली जाते आणि ती घटल्यास पुन्हा लस दिली जाते. मूत्रपिंडाचा विकार प्राथमिक अवस्थेत असतानाच लस दिली, तर ती अधिक गुणकारी ठरते. बाधित रुग्णासाठी वेगळी खोली व वेगळे यंत्र ही हिपॅटायटिस बीच्या बाबतीत सर्वमान्य पद्धत आहे.

हिपॅटायटिस सीवर लस नाही. परंतु औषध आहे, आणि त्याची कथा विकासाच्या विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर हे औषध बाजारात आले तेव्हा १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीला १,००० डॉलर होती. २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय औषधनिर्मात्यांना परवाने दिले आणि स्पर्धेमुळे येथील किंमत झपाट्याने उतरली. पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचारांची योजना राबवली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी व औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांतील ३.३ या लक्ष्याशी हा कार्यक्रम जोडलेला आहे, हेही ध्यानात ठेवावे. पूर्वीची इंटरफेरॉनची इंजेक्शने डायलिसिसच्या रुग्णांना फारशी सोसत नसत. नव्या गोळ्यांनी ती अडचण बव्हंशी दूर झाली आहे.

मग चिंता कशाची? दाजींनाही या गोळ्या मोफत मिळाल्या. बारा आठवड्यांचा उपचार संपला. त्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही. तरीही त्यांची रात्रीची पाळी सुटेना. कारण केंद्र जी तपासणी करीत असे, ती प्रतिपिंडांची. विषाणू गेल्यावरही प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात. विषाणू आहे की नाही हे सांगते ती त्याच्या जनुकीय द्रव्याची तपासणी. बरा झालेला माणूस केवळ चुकीच्या तपासणीमुळे बाधितांच्या यंत्रावर बसत होता आणि त्याला पुन्हा संसर्ग होण्याचा धोका कायम होता. ही प्रतिपिंडे संरक्षण देत नाहीत. दोन अहवाल शेजारी ठेवून ताईने हे केंद्रातील डॉक्टरांच्या निदर्शनास आणले, तेव्हा पाळी बदलली. ज्यांच्या घरी असे अहवाल वाचणारे कोणी नाही, त्यांचे काय होत असेल?

कायदा आणि उत्तरदायित्व

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्य सूचीत, सहाव्या नोंदीत आहे. तर संसर्गजन्य रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा प्रसार रोखणे हा विषय समवर्ती सूचीत, २९ व्या नोंदीत आहे. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानतो. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर वैद्यकीय मदत न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरवला. त्याच वर्षी 'कॉमन कॉज' खटल्यातील निकालाने रक्तपेढ्यांना शिस्त लागली आणि पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या मूत्रपिंड रुग्णांना त्याचा थेट लाभ झाला. रक्ताच्या पिशवीबाबत आपण जी शिस्त आणली, तीच आता डायलिसिसच्या खाटेपर्यंत पोहोचवायची आहे.

२०१६ च्या आरंभी देशाने डायलिसिसच्या खेपा मोजण्यास सुरुवात केली. आता त्यांच्या जोडीला आणखी एक आकडा मोजला जावा, असे मला वाटते : केंद्रात दाखल होताना निर्दोष असलेल्या किती रुग्णांना वर्षभरात नवा संसर्ग झाला? हा आकडा प्रत्येक केंद्राने दर्शनी भागात लावावा. शासनाच्या करारात मोबदल्याचा काही भाग त्याच्याशी जोडावा. दोन पाळ्यांमधील स्वच्छतेचा वेळ खेपेच्या दरातच गृहीत धरावा. एका तंत्रज्ञाकडे किती रुग्ण असावेत, याचे बंधन पाळले जावे. लसीकरण आणि नियमित तपासणीचा खर्च योजनेच्या दरात समाविष्ट असावा. नवा रुग्ण बाधित आढळला, तर कारणांची चौकशी आपोआप सुरू व्हावी. मात्र तिचा हेतू शिक्षा हा नसावा. शिक्षेच्या भयाने आकडे दडवले जातात. शिकणे हा हेतू असावा.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती मोलाची आहे. परंतु उपचारातूनच नवा आजार उद्भवला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. नजरबादच्या दगडांची वाहतूक ती हीच.

आपल्यापैकी काही जण उद्या जिल्ह्याचा कारभार पाहतील. तुमच्या टेबलावर डायलिसिस केंद्राचा अहवाल येईल आणि त्यात खेपांची संख्या वाढलेली दिसेल. त्या दिवशी समाधानाची सही करण्यापूर्वी एकदा केंद्रात जाऊन दोन पाळ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात तेथे उभे राहा. यंत्र पुसले जाते का, मोजे बदलले जातात का, हे पाहा. दाजींच्या वहीत त्या अर्ध्या तासाचा रकाना नाही, कारण त्याची पावती कोणी देत नाही. पण त्या वहीतील पुढचा सारा खर्च तेथेच सुरू झाला होता.

दाजी आता दुपारच्या पाळीत जातात आणि दिवे लागणीच्या आत घरी येतात. ताट पुन्हा पंगतीत मांडले जाते. इतकी साधी गोष्ट परत मिळवण्यासाठी एका कुटुंबाला दोन वर्षे लागली. ती मुळात हिरावली जाणार नाही, अशी व्यवस्था घडवणे हे आपल्या पिढीचे, आणि त्याहून अधिक तुमच्या पिढीचे काम आहे.